महालात मुक्काम करायचाय? आधी खोली ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या अखेरीस सहकुटुंब राजस्थानला जायचंय. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, त्यात वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आणि नऊ वर्षांची मुलगी. निदान दोन रात्री तरी खऱ्या जुन्या महालात किंवा हवेलीत काढायच्या आहेत. पण फोटोत एक खोली आणि हातात दुसरीच, भिंतींना ओल, संपता न संपणाऱ्या पायऱ्या, गरम पाण्याची बोंब, अशा तक्रारी वाचून मन कचरतंय. काय बघून बुकिंग करावं?

जरूर जा. पण नेहमीच्या हॉटेलचं बुकिंग करताना लागलेली एक सवय इथे सोडावी लागेल. नव्या हॉटेलात २०४ आणि ३०४ या खोल्या सारख्याच असतात, म्हणून आपण हॉटेल निवडतो आणि खोली त्यांच्यावर सोडतो. जुन्या वास्तूत एकाच दराच्या दोन खोल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक राणीवशातली, तीन झरोक्यांची. दुसरी खालच्या कोठारात भिंत घालून काढलेली, खिडकी चौकातल्या जिन्याखाली उघडणारी. दोन्ही 'डीलक्स'. म्हणून आधी वास्तूचा प्रकार ठरवायचा, मग त्या वास्तूचा भाग, मग खोली नावानिशी किंवा नंबरानिशी. दर आणि सवलती त्यानंतर.

'हेरिटेज' या पाटीचा अर्थ नीट समजून घ्या. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात १९५० पूर्वी बांधलेले महाल, गढ्या, हवेल्या, शिकारखाने, बंगले या गटात येतात. हे वर्गीकरण ऐच्छिक आहे, हॉटेलनं अर्ज केला तर मिळतं. त्यामुळे नावात 'पॅलेस' किंवा 'हवेली' असल्यानं काहीच सिद्ध होत नाही, आणि वर्गीकरण नसलेली एखादी कौटुंबिक हवेली तीनशे वर्षांची असू शकते. जयपूरचं राजविलास (१९९७) आणि उदयपूरचं उदयविलास (२००२) ही हॉटेलं जुन्या शैलीत, पण नव्यानं बांधलेली आहेत. सुखसोयी उत्तम, पण तुम्हाला हवी असलेली जुनी भिंत तिथे नाही.

खऱ्या जुन्या हॉटेलातही तुमची खोली जुनी असेलच असं नाही. मुंबईचा ताज हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्या आराखड्याची ती घुमटाची इमारत १६ डिसेंबर १९०३ ला उघडली. शेजारचा उंच टॉवर १९७३ चा. नाव एक, पण सत्तर वर्षांचं अंतर. राजस्थानात हेच जरा लपून असतं. मूळ महालाच्या मागे पागा, मोटारखाना किंवा नोकरांच्या चाळी असतात, त्यांच्या खोल्या होतात. काही ठिकाणी तसल्याच कमानी काढून नवा भाग जोडलेला असतो. यात फसवणूक असतेच असं नाही, आणि वडिलांच्या गुडघ्यासाठी तो नवा भाग अधिक सोयीचाही असेल. पण ते पैसे देण्याआधी कळायला हवं. प्रश्न सरळ विचारा: 'ही खोली मूळ वास्तूत आहे की नंतरच्या बांधकामात? तो भाग कोणत्या काळातला?' चांगलं व्यवस्थापन याचं उत्तर आनंदानं देतं.

आता वास्तूचा प्रकार. तुमच्या घरच्यांचा विचार करता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

किल्ला किंवा गढी ही शत्रूनं वर चढू नये म्हणून बांधलेली असते. उंच पायऱ्या, अंधारी वळणं, अरुंद जिने, बुटकी दारं हा त्या बांधणीचा हेतूच होता. दिल्ली-जयपूर महामार्गालगतचा नीमराणा किल्ला १४६४ चा, १९९१ पासून तिथे हॉटेल आहे. टेकडीच्या उतारावर तो थरांवर थर चढत गेलाय आणि खोल्या त्या थरांमध्ये विखुरल्या आहेत. तरण्यांना तो चढ-उतार म्हणजे पर्वणी असते. तुमच्या वडिलांचे मात्र दोन्ही दिवस न्याहारीला जाण्या-येण्यातच जातील.

गणित करून बघा. आपल्या सोसायटीतल्या जिन्याची पायरी सहा-साडेसहा इंच उंच असते. गढीतली पायरी नऊ-दहा इंचांची सर्रास असते आणि एक पायरी दुसरीसारखी नसते. दहा इंचांच्या ४० पायऱ्या म्हणजे तेहतीस फूट, आपल्याकडचे तीन मजले. चढताना दम लागतो एवढंच. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, कारण कठडा नसतो आणि भिंत गुळगुळीत असते. म्हणून 'पायऱ्या किती?' एवढंच विचारून थांबू नका. 'गाडी थांबते तिथपासून खोलीच्या दारापर्यंत किती, खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती, आणि हाताला धरायला कठडा आहे का?' हे तिन्ही विचारा. लिफ्ट आहे म्हणाले तर ती कोणत्या भागात जाते तेही विचारा. जुन्या भिंती फोडता येत नाहीत, म्हणून लिफ्ट बहुधा एकाच बाजूला बसवलेली असते आणि तिथून पुढे पुन्हा दहा पायऱ्या उतरायला लागतात.

हवेली व्यापाऱ्याची किंवा सरदाराची. शेखावाटीत, बिकानेरात, बुंदीत अशा कितीतरी हवेल्यांत राहता येतं आणि दरही महालांपेक्षा बरेच कमी असतात. हवेलीचा जीव तिच्या चौकात असतो. सगळ्या खोल्या आत चौकाकडे तोंड करून, रस्त्याच्या बाजूला जेमतेम झरोके. उन्हाळ्यात आणि पडदा पाळणाऱ्या घरात हे शहाणपणाचंच होतं. पाहुण्याला त्याचा परिणाम असा जाणवतो: खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली की चौकातल्या प्रत्येकाला आतलं दिसतं, आणि चौकात कोणी खुर्ची सरकवली तरी चारही बाजूंना ऐकू येतं. रात्री तिथे कालबेलिया नाच किंवा कठपुतळ्यांचा खेळ असेल तर तो संपेपर्यंत झोप विसरा. उघड्यावर ध्वनिवर्धकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. मोजक्या दिवशी राज्य सरकार ती बारापर्यंत सैल करू शकतं आणि ३१ डिसेंबर बहुधा त्यात असतो. चौकात कार्यक्रम असेल तर पहिल्या मजल्यावरची, मागच्या बाजूची खोली मागा. तळमजला हवाच असेल तर त्या रात्री कार्यक्रम किती वाजता संपतो ते विचारून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे सपाट जागी, बागेत बांधलेला महाल किंवा कोठी, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. लढाया संपल्या होत्या, मोटारी आल्या होत्या आणि राजांना इंग्रज पाहुणे उतरवायचे होते; म्हणून रुंद व्हरांडे, ओळीनं खोल्या, मोठ्या खिडक्या, पोर्चपर्यंत गाडी. तुम्हाला माझा कौल याच प्रकाराला आहे. जयपूरचं नारायण निवास (१९२८), बिकानेरचा लाल दगडाचा लालगढ, ज्याच्या एका भागात हॉटेल आहे, ही या जातीची. खर्चाची तयारी असेल तर जयपूरचा रामबाग महाल आहे. मूळ बागेतलं घर १८३५ चं, १९५७ मध्ये त्याचं हॉटेल झालं. जोधपूरचा उमेदभवन १९४३ मध्ये पुरा झाला, म्हणजे वयानं तो मुंबईच्या ताजपेक्षा चाळीस वर्षांनी लहान. जुनेपण आणि सोय यांचा सांधा या पिढीच्या इमारतींत सगळ्यात चांगला जुळतो. उदयपूरच्या पिचोला सरोवरातलं जगनिवास (१७४६) देखणं आहे खरं, पण तिथे नावेनंच पोचावं लागतं. हलत्या नावेतून धक्क्यावर पाय टाकणं वडिलांना जमेल का, याचा विचार तुम्हीच करा.

तुमच्या तारखांबद्दल एक चांगली आणि एक वाईट गोष्ट. साधारण १६ डिसेंबर ते मकर संक्रांत उत्तरेत खरमास मानतात आणि त्या काळात लग्नं बहुतेक थांबतात. जुन्या महालांत पाहुण्यांची झोप सगळ्यात जास्त उडवतात ती लग्नंच: रात्रभर मंडपवाल्यांची ठोकाठोक, पहाटे बँड, अर्धा महाल 'फक्त वऱ्हाडासाठी'. ती कटकट तुम्हाला बहुधा नसेल, तरीही 'या तारखांना कुठला समारंभ आहे का?' हे विचाराच. वाईट गोष्ट अशी की २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बरीच हॉटेलं खास जेवणाचे पैसे सक्तीनं लावतात, माणशी आणि लहान मुलांसकट. ते खोलीच्या दरात दिसत नाहीत. बुकिंगच्या पुष्टीपत्रावर तो आकडा लिहून घ्या, किंवा त्या दोन रात्री दुसरीकडे काढा. २६ ते २९ या तारखा मला जास्त पटतात.

कराचंही बघून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७४०० ची खोली करासह ७७७० ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे बाराशे होतात. आकडा या उंबरठ्यावर असेल तर न लाजता दर थोडा खाली मागा. हॉटेलवाल्यालाही हे गणित पाठ असतं. दराच्या पुढे 'सीपी' असेल तर न्याहारी धरलेली आहे, 'एमएपी' म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, 'एपी' म्हणजे तिन्ही वेळचं, 'ईपी' म्हणजे नुसती खोली. गावाबाहेरच्या गढीत एमएपीच घ्या. रात्री थंडीत दहा किलोमीटरवर ढाबा शोधत जाण्यात अर्थ नाही.

आता हॉटेलला पाठवायचा निरोप. फोनवर विचारलं की सगळ्याला 'हां जी, हो जाएगा' असं उत्तर येतं. लेखी विचारलं की माणूस उठून बघून येतो. साधारण असा लिहा:

'आम्ही तिघं मोठी माणसं, एक लहान मुलगी आणि मी, २६ आणि २७ डिसेंबर अशा दोन रात्री येतोय. वडिलांना दहापेक्षा जास्त पायऱ्या चढता येत नाहीत. आम्हाला देणार त्या दोन खोल्यांचे नंबर किंवा नावं, मजला, आणि त्याच खोल्यांचे आताचे फोटो पाठवावेत, न्हाणीघराच्या दाराचा आणि खिडकीबाहेरचाही. गाडीपासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून भोजनगृहापर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघरात शिरताना पायरी किंवा उंबरा आहे का? पलंग जमिनीपासून किती उंच? गरम पाणी गिझरचं की मध्यवर्ती, आणि कोणत्या वेळेला? खोलीत हीटर मिळेल का? जनरेटर कोणत्या बाजूला आहे?'

हिंदीत पाठवा, अधिक उपयोग होईल. यात दोन प्रश्न लोक कधीच विचारत नाहीत आणि ज्येष्ठांना तेच नडतात. एक, पलंगाची उंची. जुने खांबांचे पलंग अठ्ठावीस-तीस इंच उंच असतात. आपल्या घरातला वीस-बावीस इंचांचा. रात्री अर्धवट झोपेत तेवढ्यावरून पाय खाली सोडताना तोल जातो. लाकडी पाट किंवा पायरी मागितली की मिळते. दुसरा, न्हाणीघराचा उंबरा. मूळ महालात खोलीला लागून न्हाणीघर नव्हतंच. नंतर शेजारची कोठडी जोडून, नळ टाकायला जमीन उचलून ते केलं, म्हणून आत शिरताना चार-सहा इंचांची पायरी येते आणि तिथेच टाइल ओली असते. घरून एक प्लगमध्ये बसणारा रात्रदिवा आणि एक बॅटरी न्या. शंभर रुपयांच्या रात्रदिव्यानं कितीतरी अपघात टळतात.

थंडीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. जयपुरात डिसेंबरअखेर रात्री पारा आठ-नऊ अंशांवर येतो, शेखावाटीत फतेहपूर-चुरूच्या बाजूला कधी शून्याखालीही जातो. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगड आणि चुन्याच्या. अशी भिंत तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. मे महिन्यात हीच भिंत दुपारी खोली थंड ठेवते. डिसेंबरात ती थंडी धरून बसते. भर दुपारी बागेत स्वेटर काढावा लागतो आणि खोलीत पाऊल टाकलं की हुडहुडी भरते. त्यात छत सोळा-अठरा फूट उंच. गरम हवा वर जाते आणि पलंगाशी गारवा राहतो. दक्षिण किंवा पश्चिमेला खिडकी असलेली खोली हिवाळ्यात सरस, उत्तरेची नको.

हीटर तेल भरलेला, उभ्या पात्यांचा मागा आणि झोपायच्या तासभर आधी लावा. तो दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर ओढतो. मोबाइलच्या लहान सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर घालून तो लावू नका. जुन्या इमारतीत तारा भिंतीवरून नेलेल्या असतात; सॉकेट तापतं, वास येतो, नाहीतर अख्ख्या ओळीतल्या खोल्यांची वीज जाते. मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटातच लावा आणि त्याच वेळी किटली चालू करू नका.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून: बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊ नका. कोणी प्रेमानं आणून दिली तरी नको. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो. खोलीत भिंतीतली शेकोटी असेल तर धुराडं चालू स्थितीत आहे ना ते विचारा, पेटवल्यावर खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी पूर्ण विझवा. अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी हा उत्तम आणि निर्धोक उपाय आहे. दार्जिलिंगच्या विंडामिअरसारख्या जुन्या हॉटेलात ती संध्याकाळी पलंगात ठेवायची रीतच आहे. तुमची तुम्ही न्या.

गरम पाण्याचं गणितही सोपं आहे. पंधरा लिटरचा गिझर पूर्ण तापला की गार पाणी मिसळून साधारण तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या आंघोळीचं पाणी देतो. पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं. चौघांनी एकामागून एक शॉवर घेतला तर तिसऱ्याला गार पाणी मिळणारच, मग 'हॉटेलात गरम पाणी नाही' अशी तक्रार होते. बादली मागा आणि मध्ये अंतर ठेवा. मध्यवर्ती व्यवस्था असेल तर पाणी लांबच्या नळातून येतं. तीन-चार मिनिटं गार पाणी जाऊ द्यावं लागतं. पायांचे जुने ओतीव टब दिसायला सुंदर असतात, पण त्यांची कड ओलांडून आत उतरणं वडिलांसाठी धोक्याचं.

पोचायचं ते दुपारी तीन-चारच्या सुमारास, उजेडात. अंधारात पोचलात की थकलेले असता, दिसत काही नाही आणि दुसरी खोलीही शिल्लक नसते. सामान गाडीतच राहू द्या, आई-वडिलांना चौकात चहा घेऊ द्या आणि खोली एकट्यानं बघून या. पाच मिनिटं पुरतात. आधी नाक वापरा: खोली उघडताच सुगंधी फवाऱ्याचा भपका आला तर त्याखाली ओलीचा वास आहे का ते हुंगा. मग पलंगाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला हात लावा. ओल बहुतेक जमिनीतून वर चढते, त्यामुळे वरचा भाग कोरडा आणि खालच्या दोन-तीन फुटांत पोपडे असं दिसतं. पांढरी भुकटी बोटाला लागली तर तो लोणा. त्याचं मूळ बहुधा पाण्यात कमी आणि दुरुस्तीत जास्त असतं. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेला परत देते. तिच्यावर कोणी सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग चढवला की ओल आत कोंडते आणि क्षार घेऊन फुटून बाहेर येते. थोडा लोणा जुन्या घराला असायचाच, त्यानं घाबरू नका. पण उशीच्या मागेच असेल आणि आईला दम्याचा त्रास असेल, तर खोली बदला.

मग गरम नळ सोडा आणि तो वाहत असताना दारं बघा. न्हाणीघराची कडी आतून लावून, उघडून पाहा. जुनी लाकडी दारं फुगतात, कडी कोयंड्यात अडकते आणि आतलं माणूस बाहेर येऊ शकत नाही. तशी असेल तर वडिलांना कडी न लावता नुसतं दार लोटायला सांगा. खोलीच्या दाराची चौकट पाच-साडेपाच फुटांची असेल तर डोकं सांभाळायला सगळ्यांना आधीच बजावा. बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे तेही तेव्हाच बघून घ्या. बऱ्याच हवेल्यांना एकच जिना असतो आणि छतं-दारं लाकडी असतात. एकच असेल तर तुमची खोली त्या जिन्याच्या जवळची हवी.

मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झरोके आणि गच्ची. झरोक्याची कड बसून बाहेर बघता यावं म्हणून दीड-दोन फूटच उंच ठेवलेली असते. आज आपण गॅलरीला साडेतीन फुटांचा कठडा लावतो. नऊ वर्षांचं मूल झरोक्यात गुडघ्यांवर उभं राहिलं की कमरेवरचं सगळं शरीर बाहेर. वर जाळी नसेल तर झरोका तिला एकटीला मोकळा देऊ नका. आवारात बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, असेल तर तिथेही कठडा नसतो. पहाटेपासून झरोक्यात पारवे घुमतील, खिडकी उघडी राहिली तर माकडंही आत येतील. जाताना कडी लावा आणि खायचं काही उघड्यावर ठेवू नका.

खोली सांगितल्यापेक्षा वेगळी निघाली तर त्याच तासात व्यवस्थापकाला भेटा आणि आलेला लेखी निरोप दाखवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. सामान लागलं, रात्र गेली आणि सकाळी तक्रार केली, की हातात काही राहत नाही.

जाड भिंतीतून मोबाइलची रेंज आणि वायफाय दोन्ही नीट येत नाहीत. तिकिटं, नकाशे, औषधांच्या चिठ्ठ्या फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. लहान ठिकाणी स्वयंपाक ऑर्डरप्रमाणे होतो. उपास, कांदा-लसूण नको, कमी तिखट हे आदल्या दिवशी कळवा.

भिंतींबद्दल एक कळकळीची विनंती. राजस्थानातल्या जुन्या खोल्यांत जो आरशासारखा गुळगुळीत पांढरा गिलावा दिसतो, त्याला आराइश म्हणतात. चुना आणि संगमरवराची पूड यांचे पातळ थर देऊन, वरून अकीक दगडानं घासून तो चकाकवतात. बॅगेचं चाक किंवा खुर्चीची पाठ घासली की त्यावर कायमचा ओरखडा राहतो, आणि तो भरणारे कारागीर आता थोडे उरलेत. शेखावाटीतली जुनी भित्तिचित्रं ओल्या चुन्यावर काढलेली आहेत. रंग गिलाव्यात मुरलेला असतो म्हणून दोनशे वर्षं टिकला, पण हाताचा घाम आणि तेल त्याला सोसत नाही. फोटोसाठी भिंतीला टेकू नका, ओला टॉवेल कोरीव लाकडावर वाळत घालू नका, चिकटपट्टीचे हूक लावू नका. मुलीला हे 'हात लावू नको' एवढ्यावर न थांबता कारणासकट सांगा. मुलांना कारण पटलं की ती मोठ्यांनाही टोकतात.

राजस्थानच्या आधी घराजवळ एक रात्र राहून बघायची असेल तर जागा आहेत. सासवडजवळचा जाधवगड पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधला. गढीत राहणं कसं असतं याचा अंदाज तिथे एका रात्रीत येतो, आणि पायऱ्या नको असतील तर तंबूंचीही चौकशी करता येते. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात राजघराण्यानंच मोजक्या खोल्या केल्यात, सजावट तिथल्या गंजिफाची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची. गोव्याच्या उत्तर टोकाचा तेरेखोलचा किल्ला मूळ सावंतवाडीच्या खेम सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे आणि हॉटेल केलं तेव्हा सात खोल्यांना सात वारांची नावं दिली. महेश्वरला नर्मदेच्या काठी अहिल्याबाईंच्या वाड्याला लागून होळकरांच्या वंशजांनी सुरू केलेलं हॉटेल आहे. दरात जेवण धरलेलं असतं. मराठी माणसानं तिथे आयुष्यात एकदा तरी राहावं असं मला मनापासून वाटतं. घाटाकडे उतरायला मात्र भरपूर पायऱ्या आहेत, वडिलांनी नदी वरूनच बघावी. माथेरानच्या जुन्या बंगल्यांत जायचं तर गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवावी लागते, पुढे वाहनांना बंदी; ज्येष्ठांना पुढे कसं नेणार ते हॉटेललाच आधी विचारा. कोकण, गोवा, माथेरान इथे जुलैत जाऊ नका, निदान तळमजल्यावर तरी नको. चिऱ्याच्या भिंती त्या महिन्यात वाळतच नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री स्वागतकक्षाला दोन गोष्टी सांगून ठेवा: सामान उतरवायला माणूस किती वाजता हवा, आणि बिल रात्रीच तयार ठेवा. अशा ठिकाणी पहाटे पाचला दारावर एकटा चौकीदार असतो. फाटकाची किल्ली असते, पण कार्ड चालवायचं यंत्र कपाटात बंद असतं. बक्षिसी एकेकाच्या हातात न देता कक्षावरच्या सामाईक पेटीत टाका. मागे पाणी तापवणारा आणि पायऱ्यांवरून तुमच्या बॅगा वर नेणारा माणूस तुम्हाला बहुधा पुन्हा दिसतच नाही, पेटीतले पैसे त्याच्यापर्यंत पोचतात.